खालच्या मजल्यावरच्या जाऊबाईंस, कडीबाबत

तीर्थरूप जाऊबाई यांच्या चरणी,

वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्याला साष्टांग नमस्कार. (तुम्ही बरोब्बर माझ्या पायाखाली राहता, त्यामुळे चरणांवर डोकं ठेवायचं तर मला फरशी खणावी लागेल. भाव समजून घ्यावा.) आम्ही इकडे देवाच्या कृपेने सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तुमची खुशाली विचारत नाही, कारण ती मला ऐकू येते. भाऊजींचा खोकला निम्म्यावर आलाय. तुमची कंबर बरी असावी, कारण काल चादरी पिळताना तुम्ही एकदाही 'आई गं' म्हणाला नाहीत. मिक्सरचं पातं मात्र बोथट झालंय, आवाजावरून कळतं. नवीन घेऊ नका, धार लावून घ्या, निम्म्याहून कमीत काम होतं. ही आगाऊ सूचना झाली, पण आपलं बोलणं बंद झाल्यापासून माझ्याकडे अशा पुष्कळ सूचना साठल्यात.

पत्रास कारण की... हे वाक्य मी तूर्त अर्धंच सोडते. कारण आहे, आणि घाईचं आहे, पण ते लिहायला अजून माझं तोंड होत नाही. एकाच जिन्यावर राहून पत्र कशाला, हा प्रश्न तुम्हाला पडेलच. जिन्यात आपण समोरासमोर आलो की तुम्ही भिंतीचा रंग बघता आणि मी माझ्या चपलेचा अंगठा बघते. भिंतीला बघण्यासारखा रंग उरलेला नाही आणि माझा अंगठाही तुटकाच आहे, तरी दोघी किती मन लावून बघतो! अशा वेळी तोंडाने माफी मागायला मोठं धैर्य लागतं. ते मला देवाने दिलं नाही, पेन्सिल तेवढी दिली. चूक माझी आहे. पूर्ण माझी. हे वाक्य पेन्सिलीने लिहिलं असलं तरी खोडणार नाही. (अक्षर वाकडं येतंय ते कागद मांडीवर ठेवल्यामुळे. कागद हिशेबाच्या वहीतले पाठकोरे आहेत. मागे साबण, गूळ आणि झाडूचे भाव दिसतील, तिकडे बघू नका. बघितलेच तर झाडू तुम्हाला महाग पडतोय, एवढं ध्यानात घ्या.)

सगळं पहिल्यापासून सांगते. तुम्हाला निम्मं ठाऊक आहे, पण ओळीने लिहिलं की माझं पाऊल नेमकं कुठे घसरलं ते माझं मलाच दिसेल. आमची बबी कॉलेजात गेली आणि तिथल्या मुलांच्या त्या गटात शिरली. परदेशातून आलेल्या पाहुण्यांना ही मुलं सुट्टीच्या दिवशी आपलं शहर पायी फिरवून दाखवतात, आणि तेही फुकट. बबीने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी डाळ निवडत होते, माझ्या हातातले खडे परत डाळीत पडले. म्हटलं, फुकट म्हणजे किती फुकट? जाण्यायेण्याचं भाडं? नाही. चहापाणी? स्वतःचं. पाहुण्यांनी खुशीने हातावर काही ठेवलं तर? घ्यायचं नाही, नियम आहे. कुठल्या दुकानात न्यायचं नाही, कुणाकडून भेटवस्तू घ्यायची नाही, आणि पाहुण्यांना परवानगीशिवाय स्वतःच्या घरी न्यायचं नाही. म्हटलं, मग यात तुम्हाला मिळतं काय? तर कार्टी म्हणते, "आई, तू रोज देवापुढे तासभर बसतेस, तुला काय मिळतं?" जाऊबाई, मी डाळ पुन्हा पहिल्यापासून निवडली.

तरी मनातली शंका जाईना. फुकट वाटलेली वस्तू कधी धड निघाल्याचं मी पाहिलेलं नाही. म्हणून एका रविवारी पिशवी घेऊन बाजाराच्या निमित्ताने मी त्यांच्या मागे मागे गेले. (हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यांनाही नाही.) पुढे तो गटप्रमुख, पिवळा झेंडा उंच धरून. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर असं गांभीर्य की जणू शहर त्याच्या आजोबांनी बांधलं आणि त्याला ते वेळेत परत करायचंय. आमच्या घरात त्याला झेंडेवाला म्हणतात. मध्ये पंधरावीस पाहुणे, आणि घड्याळाच्या मनोऱ्याखाली उंच पायरीवर उभी आमची बबी. जाऊबाई, ती त्यांच्या भाषेत बोलत होती, एकही शब्द मला कळत नव्हता, आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. तिने बोट वर केलं की समुद्रापलीकडून आलेली मोठमोठी माणसं माना वर करायची, तिने खाली केलं की खाली. घरात हिला गॅस बंद कर म्हणून सांगितलं तर ऐकत नाही, आणि इथे हिच्या एका बोटावर वीस माना! मी कोबीचा गड्डा छातीशी धरून उभी होते. तो मी भाव न करता घेतला होता, यावरून माझी अवस्था ओळखा.

आणि इथेच पाऊल घसरलं. मला वाटायला लागलं की हे पाहुणे आपल्या गल्लीच्या तोंडावरून जातात, आपल्याच मुलीच्या मागून जातात, आणि आपल्या घराची पायरी चढत नाहीत म्हणजे काय? मी बबीच्या मागे लागले. ती म्हणाली नियम आहे. मी म्हटलं, नियम परक्यांच्या घराला, आईच्या घराला कसला नियम? ती म्हणाली, आई, नियम बरोब्बर आईच्याच घराला आहे. तरी मी तयारी केली. खुर्च्यांच्या गाद्या उलटल्या (दुसरी बाजू कमी मळलेली असते), शेजारच्या मास्तरीणबाईंकडून पाहुण्यांच्या भाषेतली स्वागताची चार वाक्यं लिहून घेतली आणि भांडी घासताना पाठ केली. मॅट्रिकला मी त्या विषयात काठावर पास, पण पास! पाहुणा कोण येणार ते माहीत नव्हतं, पण माझं स्वागत तयार होतं.

त्या शनिवारी जिन्यावर पावलं वाजली. दार उघडते तर बबी, आणि तिच्यामागे उंचनिंच, पांढऱ्या केसांच्या, एका पायाने जरा लंगडणाऱ्या पाहुणीबाई. बबी घाईघाईने काहीतरी सांगत होती, पण माझं लक्ष कुठे! देवाने ऐकलं, एवढंच माझ्या मनात. मी पाहुणीबाईंचा हात धरला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि पाठ केलेली चारही वाक्यं म्हणून दाखवली. त्या हसून उठायला लागल्या. मी पुन्हा बसवलं. म्हटलं केवढ्या नम्र आहेत! त्यांना आमच्या लग्नाचा फोटो दाखवला, त्यात तुम्ही कोण, भाऊजी कोण, ते बोटाने सांगितलं. त्यांचा पाय सारखा हलत होता, मला वाटलं तिकडची लकब असेल. मग मला सुचू नये ते सुचलं. मी हिशेबाच्या वह्या काढल्या. लग्नाच्या वर्षीचा साखरेचा भाव आणि आजचा साखरेचा भाव शेजारी शेजारी ठेवून दाखवला, म्हटलं कुठल्याही देशातल्या बाईला हे कळेल. त्यांना कळलंही, त्यांनी तोंडावर हात नेला आणि डोळे मिटले. मला वाटलं महागाईने हेलावल्या. शेवटी बबी माझ्या कानात जवळजवळ ओरडली, "आई! त्यांना बाथरूमला जायचंय! पुलाजवळचं बंद आहे म्हणून आणलंय! सोड त्यांना!"

जाऊबाई, त्या माझ्याकडे आल्याच नव्हत्या. त्या आमच्या बाथरूमकडे आल्या होत्या.

आता कडीबद्दल. जगात कुणाला ठाऊक नसेल ते तुम्हाला ठाऊक आहे. ते दार फुगलेलं आहे, चौकट खाली बसलीय, आतली कडी लावली जाते पण सहजासहजी निघत नाही. सुतार येऊन बघून गेला होता, त्याने चौकटीसकट बदलायला सांगितलं आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. तुम्ही त्याही वेळी म्हणाला होतात की अगं, एखाद दिवशी कुणीतरी अडकेल. मी म्हटलं होतं, आमच्यात युक्ती आहे. डावा गुडघा दाराला खालून लावायचा, दार वर उचलायचं, खांदा मारायचा, देवाचं नाव घ्यायचं आणि कडी ओढायची. आम्हा तिघांनाही ती अंगवळणी पडली होती. हे तर झोपेतही करायचे. पाहुणीबाई आत गेल्या, कडी लागल्याचा आवाज आला, आणि मला युक्ती आठवली. बबीलाही आठवली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

पुढचं सगळं इमारतीने ऐकलं. आतून आधी हलकी टकटक, मग जरा जोरात. बबी त्यांच्या भाषेत समजावत होती, मी माझ्या भाषेत. त्यांना कळावं म्हणून मी आवाज चढवला. (परक्या माणसाला मोठ्याने बोललं की कळतं, असं मला का वाटलं देव जाणे, पण त्या वेळी पक्कं वाटलं.) "गुडघा! बाई, गुडघा लावा! डावा गुडघा! गुडघा!" मी दारावर माझा गुडघा आपटून दाखवत होते, जणू त्यांना दारातून आरपार दिसतंय. नंतर कळलं, त्या आयुष्यभर सायकलवरून टपाल वाटायच्या आणि त्यात डावा गुडघाच कामातून गेलेला. म्हणजे त्यांना जे एक जमणार नाही ते मी गल्ली दणाणून सोडेपर्यंत सांगत होते. खाली जिन्याशी सगळा गट ताटकळत उभा. त्यांना पलीकडच्या काठावरचा दीपस्तंभ बघायला बोटीने जायचं होतं, आणि ती बोट फक्त शनिवारीच असते. झेंडेवाला झेंड्यासकट वर आला. त्याच्यामागोमाग तुम्ही आलात, भाऊजी आले, त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर. भाऊजींनी बिजागऱ्या खोलल्या आणि दारच उतरवून भिंतीला टेकवलं. पाहुणीबाई बाहेर आल्या, केस विस्कटलेले, तरी भाऊजींचे आभार मानायला विसरल्या नाहीत. तेवढ्यात बंदरावरचा भोंगा वाजला. बोट गेली.

तेव्हा तुम्ही म्हणालात, कडी कधीचीच बिघडलीय, मी दहादा सांगून दमले. खरं बोललात. आणि मी, जिची जपमाळ हातातून सुटत नाही, त्या मी झेंडेवाल्यासमोर, परक्या देशाच्या बाईसमोर, माझ्या पोरीसमोर म्हटलं की कडी उत्तम आहे. या बाईंना काढता आली नाही त्याला कडी काय करणार? आणि जाऊबाईंना आमच्या घरातलं कधी काही बरं दिसलंय का? हे मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. तुमचा चेहरा पांढरा पडला. भाऊजी दार परत बसवत होते, त्यांचा हात थांबला. तुम्ही खाली गेलात, आणि तेव्हापासून भिंतीचा रंग बघताय.

झेंडेवाल्याने पाहुणीबाईंकडे असं पाहिलं, जसं साधी कडी न उघडता येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे बघतात. ते बबीला सोसवलं नाही. ती म्हणाली, "त्यांची चूक नाही. दार बाहेरून मीच जोरात ओढलं, म्हणून अडकलं." तिने असं काहीही केलं नव्हतं. त्यांना वेड्यात काढू द्यायचं नव्हतं आणि मला खोटं पाडायचं नव्हतं, यात मधल्या मध्ये तिने सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. झेंडेवाल्याने तिथल्या तिथे सांगितलं की परवानगीशिवाय पाहुणे घरी आणले, निष्काळजीपणा केला, बोट चुकवली, तेव्हा चौकशी होईपर्यंत बबीने यायचं नाही. तिने गळ्यातला बिल्ला काढून त्याच्या हातात दिला. मी तिथेच उभी होते. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की पोरा, मी खोटं बोलले. माझ्या तोंडाला काय झालं होतं ते मला अजून कळलेलं नाही. बहुतेक तीच कडी.

तेव्हापासून बबी घरात शहाण्यासारखी वागते, आणि ते बघवत नाही. सांगितल्याबरोबर गॅस बंद करते. उलट बोलत नाही. परवा गॅलरीत शर्टाची बटणं शिवत बसली होती, खालून पिवळा झेंडा गेला, तर तिने मान वर केली नाही. मी म्हटलं, खोटं बोलले, चुकले. ती म्हणाली, "खोटं बोललीस त्याचं एवढं नाही गं. त्यांना मूर्ख ठरवलंस आणि काकूला खोटारडी, त्याचं आहे." नमस्काराला बसते तर डोळे मिटल्याबरोबर समोर ते दार दिसतं. म्हटलं निदान गुप्तपणे काही पुण्य करून फिटंफाट करावी, म्हणून रोज एक माळ जास्त ओढली. पण देव काही वाण्याच्या दुकानासारखा नाही, की एक माल खराब निघाला तर दुसरा वरून घालून द्यावा.

तर जाऊबाई, मी तुमची अपराधी आहे. कडी बिघडलेली होती. तुम्ही दहादा सांगितलं होतं (मी मोजलं नाही, पण दहाच्या वरच). मोठेपणाने पोटात घाला, आणि भाऊजींना माझा नमस्कार सांगा. कळावे, लोभ होता तो परत व्हावा, एवढंच मागणं.

आपली धाकटी जाऊ

ता. क. एवढंच मागणं असं वर लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. पत्रास कारण की, मी बाथरूममध्ये आहे. बादली उलटी टाकून तिच्यावर बसून हे सगळं लिहिलंय, म्हणून अक्षर असं. दुपारी गॅलरीतून बघते तर झेंडेवाला आणि पाहुणीबाई जिन्याकडे वळताना दिसले. पाहुणीबाईंना तोंड कसं दाखवू, या एका विचाराने मी जी पळाले ती इथे येऊन कडी लावली. आता कडी निघत नाही. युक्ती केली, गुडघा लावला, देवाचं नाव घेतलं, चारदा घेतलं. पण भाऊजींनी दार उतरवून परत बसवल्यापासून ते निराळंच बसलंय आणि जुनी युक्ती त्याला लागू पडत नाही. (तेव्हापासून आम्ही कडी लावतच नाही, बाहेरच्याला कळावं म्हणून आतून गाणं म्हणतो. घाईत मला गाण्याचं भान राहिलं नाही.) नवीन युक्ती असलीच तर ती भाऊजींना ठाऊक. हिशेबाची वही आणि पेन्सिल माझ्या गाऊनच्या खिशात असतेच, ती देवासारखी धावून आली. तुम्ही म्हणाल, मग दोन ओळींची चिठ्ठी लिहायची, एवढं रामायण कशाला? जाऊबाई, मी नुसतंच 'या आणि दार उघडा' असं लिहिलं असतं तर तुम्ही न्यायाने विचारलं असतं की का गं, कडी तर उत्तम आहे ना? म्हणून आधी माफी.

ता. क. दुसरे. ओरडत का नाही, हेही सांगते. बाहेरच्या खोलीत ते दोघे बसलेत. झेंडेवाल्याने 'आई आहेत का, त्यांनाच विचारायचंय' म्हटल्यावर बबीने मला वाचवायला सांगितलं की आई बाजारात गेलीय, येईलच. ते म्हणाले थांबतो. पाहुणीबाईंनी दीपस्तंभासाठी आपला मुक्काम वाढवलाय, बोट आज आहे, आणि बबी परत गटात यायची की नाही हे आजच ठरायचंय. आता मी आतून ओरडले तर पोरगी दुसऱ्यांदा खोटी ठरते. तेव्हा माझा बेत असा. मी हे पत्र चिमटा लावून इथल्या कपड्यांच्या दोरीने खिडकीतून तुमच्या वाळवणाच्या गॅलरीत सोडते. भाऊजींनी मागच्या जिन्याने, चपला काढून, स्वयंपाकघरातून यावं, आवाज न करता दार उचलावं. मी मागच्याच जिन्याने खाली येईन आणि पुढच्या जिन्याने वर जाईन, बाजारातून आल्यासारखी. तुम्ही फक्त एक पिशवी आणि चारसहा कांदे तयार ठेवा, रिकाम्या हाताने बाजारातून आलेली बाई संशयास्पद दिसते. कांदे मोजून परत करीन. (वर एवढी शरमेने मान खाली घालून लिहिलं आणि आता हे काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं, पण पेन्सिल पुढे गेली होती.)

ता. क. तिसरे. दोरी पुरत नाही. तुमच्या गॅलरीच्या बरीच वर लोंबकळतेय. कपड्यांची दोरी तुटली तेव्हा नवीन न घेता मी गाठ मारून आखूड केली होती, ते आत्ता आठवलं. पत्र परत वर ओढून घेतलंय.

आणि बाहेर बोलणं चाललंय. झेंडेवाला विचारतोय, "शेवटचं विचारतो, दार तूच ओढलं होतंस की कडी आधीपासून खराब होती?" बबी म्हणतेय, मीच ओढलं. तो म्हणतोय, मग माझा नाइलाज आहे. काय माणूस आहे, पण नियमाने बघितलं तर त्याचंही खरं. आता पाहुणीबाई काहीतरी म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. मला शब्द कळत नाहीत, पण तो पाय हलवायचा आवाज मी ओळखते. त्यांनी दोन पेले पाणी प्यायलंय. त्यांना इथे यायचंय. बबी त्यांना काय सांगणार? एक खोटं त्या बाईंसाठी बोलली, एक माझ्यासाठी, आता तिसरं या दारासाठी बोलेल. नको. थांबा जरा.

ता. क. चौथे. ओरडले. म्हटलं, मी आत आहे! बाजारात गेलेले नाही! कडी खराब आहे, त्या दिवशीही खराब होती, जाऊबाईंनी सांगितलं होतं, पोरीने काही केलेलं नाही, मी खोटं बोलले! मग पावलं दाराशी आली, आणि दारापलीकडून पाहुणीबाई आपल्या खणखणीत आवाजात, आपल्या भाषेच्या हेलात ओरडल्या, "गुडघा! बाई, गुडघा!" जाऊबाई, माझ्याकडून हा एकच शब्द त्या शिकून गेल्या होत्या. मी गुडघा लावला. दार हललं नाही. त्या पुन्हा "गुडघा!" झेंडेवाल्याच्या तोंडून असा काही आवाज आला की त्याला हसता येतं हे मला आज कळलं. मग तो घसा साफ करून म्हणाला, म्हणजे आधीपासूनच खराब? मी म्हटलं, आधीपासूनच! तो म्हणाला, न विचारता घरी आणलं ते आणलंच, त्याचं मी लिहिणार. मी म्हटलं लिही, आणि मी मागे लागले होते तेही लिही. नंतर कसलीशी साखळी वाजली आणि बबीने नाक ओढलं. बिल्ला परत दिला असावा. बबी हसतेय की रडतेय ते दारातून कळत नाही. आजच्या बोटीवर तिने यायचं ठरलंय. पण ही माणसं मला आत टाकून निघायला तयार नाहीत, आणि पाहुणीबाई तर बाहेर स्टूल ओढून बसल्यात. म्हणजे याही शनिवारी बोट चुकली तर ती माझ्याच नावावर.

ता. क. शेवटचे, पण हे सगळ्यात आधी वाचा. पत्र मी दाराखालच्या फटीतून सरकवतेय. ते घेऊन पाहुणीबाई स्वतः खाली येतील, पत्रं पोचवायची त्यांना जन्माची सवय आहे. तुम्ही दार उघडलंत की काही बोलू नका, लग्नाचे फोटो दाखवू नका, त्यांना आधी बाथरूम दाखवा. तुमची कडी चांगली आहे. कांदे नकोत. भाऊजींना स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढच्या जिन्याने पाठवा, चपला घालून, हवा तेवढा आवाज करत. त्यांच्यामागून तुम्हीही या. आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणा की मी सांगितलं होतं. मी आतून हो म्हणेन.